तळाची चिठ्ठी

दिवाळीच्या फराळात चिवड्याइतका लबाड पदार्थ दुसरा नाही. लाडू बिचारा गोल आणि सरळ. करंजीच्या पोटात जे असेल ते दोन घासांत बाहेर येते. पण चिवडा! वसुबारसेला डबा भरताना पोहे, शेंगदाणे, डाळे, खोबऱ्याचे काप सारे कसे सख्ख्या भावंडांसारखे मिसळून असतात. भाऊबीजेला तोच डबा उघडावा, तर वर नुसते पोहे आणि शेंगदाणे, डाळे, तिखटमीठ सगळे तळाला! कुणी वेगळे केले म्हणावे, तर कुणीच नाही. डबा चार वेळा फळीवरून खाली आला आणि चार वेळा वर गेला, एवढेच. दर हलण्याबरोबर बारीक आणि जड ते फटींतून खाली उतरले. मोठे आणि हलके ते वर राहिले.

माझी आत्या हे जाणून होती. ती डबा कधी हलवीत नसे. पसरलेल्या वर्तमानपत्रावर सगळा चिवडा उपडा करी, दोन्ही हातांनी खालीवर करी आणि मगच वाट्या भरी. "पोरांत दुजाभाव नको," एवढेच ती म्हणे. आम्हां मुलांना तो उगाच खटाटोप वाटे. वस्तू नुसती हलवल्याने मिसळतेच असे नाही, उलट वेगळीही होते, ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर उमगली. आणि तीही एका मुलाला दुखावून झाल्यावर.

मी शाळामास्तर आहे. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. त्या वाचणारी मंडळी फार नसली तरी भली आहेत. गणिताशी माझे नाते मॅट्रिकपुरते, आणि तेही काठावर पास झाल्याचे. आमची शाळा हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यात, कयाधू नदीपासून फार लांब नाही अशी. आमच्याकडे दसरा म्हणजे हिंगोलीचा दसरा. दीडशे वर्षांहून जुना उत्सव. रामलीला मैदानावर प्रदर्शन, पाळणे, दुकानांच्या रांगा आणि शेवटी रावणाचे दहन. खेड्यातल्या मुलांना ते दिवस म्हणजे मुंबईच.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका हळदवाल्या बागायतदाराने आपली जीप एका दिवसासाठी देऊ केली. "गुरुजी, बारा लेकरं घेऊन जा प्रदर्शनाला," असा निरोप आला. माझ्या वर्गात मुले एकेचाळीस. बारा कोणती न्यायची? हुशार न्यावीत तर बाकीच्यांचा काय गुन्हा? शहाणी न्यावीत तर बारा भरायची नाहीत. मी म्हटले, चिठ्ठ्या टाकू. चिठ्ठीला डोळे नसतात. ती कुणाची बाजू घेत नाही.

हजेरीपट पुढे ओढला आणि नावे लिहीत गेलो. आमच्या पटावर आधी मुलगे, मग मुली, दोन्ही अकारविल्हे. एकेक चिठ्ठी लिहायची, घडी घालायची आणि फराळाच्या एका रिकाम्या उभ्या डब्यात टाकायची. एकेचाळीस झाल्या. झाकण लावले, डबा दोनदा खालीवर हलवला, उघडला आणि वर हाताला येतील तशा बारा चिठ्ठ्या काढल्या. दहा मुली निघाल्या आणि दोन मुलगे. पटावरच्या पहिल्या दहांतले एकही नाव नाही. मुलींनी टाळ्या पिटल्या, मुलगे कुरकुरले, मी "नशीब ज्याचं त्याचं" असे म्हणून फळा पुसायला लागलो.

शाळा सुटल्यावर एक मुलगा मागे राहिला. पटावर त्याचे नाव पहिले. अकारविल्हे पहिले असण्याचे सगळे तोटे त्याच्या वाट्याला आलेले: गृहपाठ पहिल्यांदा त्याचा तपासायचा, पाढे पहिल्यांदा त्याने म्हणायचे, लस टोचणाऱ्या बाई आल्या की दंड पहिल्यांदा त्याचा. तो दाराशी उभा राहिला आणि म्हणाला,

"सर, माही चिठ्ठी व्हती का त्याच्यात?"

मला थोडा रागच आला. "होती रे बाबा! सगळ्यांच्या होत्या. तुझी निघाली नाही, त्याला मी काय करू?"

त्याने मान हलवली आणि गेला. आपले नशीब वाईट असे तो म्हणाला नाही, सोडत पुन्हा काढा असेही म्हणाला नाही. आपण डब्यात होतो की नाही, एवढेच त्याला हवे होते. दिवाळी झाली की त्याचे आईबाप ऊसतोडीला जात आणि त्यालाही बरोबर नेत. सहा महिने ट्रकवर, फडात आणि पाचटाच्या कोपीत. पुढल्या वेळी जाशील, असे त्याला सहज म्हणावे असे त्याचे आयुष्य नव्हते.

मी ते विसरलो. मास्तर माणूस विसरतो; एकेचाळीस चेहरे रोज समोर असतात.

त्या वर्षी दिवाळीत आमच्या अंगणात तंबोल्याचा डाव मांडला. काही घरी त्याला हाऊजी म्हणतात. वाचकांपैकी बहुतेकांनी हा खेळ खेळला असेल: तीन ओळींचे तिकीट, ओळीत पाच आकडे, तिकिटात पंधरा, आणि पिशवीत एकपासून नव्वदपर्यंतच्या सोंगट्या. खेळ आपल्याकडे इंग्रजांबरोबर आला असला तरी त्याचे माहेर इटली. तिकडे नेपल्सच्या बाजूला नाताळात घरोघर हाच नव्वद आकड्यांचा डाव रंगतो, आणि सोंगट्या काढायला वेताची एक छोटी टोपली असते. जगात कुठेही जा, सणाला माणसे एका पिशवीभोवती बसतात आणि पुढे काय निघते याकडे डोळे लावतात.

पिशवी माझ्याकडे होती. एखादी सोंगटी हरवली आहे का हे पाहण्यासाठी मी त्या एक ते नव्वद ओळीने लावल्या आणि त्याच ओळीने पिशवीत भरल्या. पिशवी लहान, गच्च भरलेली. दोनदा हलवली आणि काढू लागलो: ८७, ७९, ९०, ८२, ७४... ज्यांच्या तिकिटावर मोठे आकडे होते ते खुशीत आले. माझी धाकटी लेक मात्र तिकीट खाली ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही ओळीनं भरल्या ना? मग शेवटी भरलेल्या वरच राहिल्या. हा चिवड्याचा डबा झाला!"

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर वर्गातला तो उभा डबा आला.

सुट्टी संपली तशी मी शाळेत गेलो आणि पहिल्यांदा कपाट उघडले. डबा तसाच होता, आत न निघालेल्या एकोणतीस चिठ्ठ्या. मी त्या एकेक करून वरून काढत गेलो. वर राहिलेल्या थोड्या मुली, मग पटाच्या शेवटाकडचे मुलगे, मग मधले, मग सुरुवातीचे. एखाददुसरी इकडेतिकडे सरकलेली. पण एकूण पाहता माझा हजेरीपटच तिथे उलटा रचून ठेवलेला होता. सगळ्यांत शेवटी, डब्याच्या तळाला चिकटून, पटावरचे पहिले नाव.

चिठ्ठी होती. मी खोटे बोललो नव्हतो. पण ती नुसती होती, एवढेच. तिला वर येण्याची संधी मी दिलीच नव्हती.

आमचे गणिताचे सहकारी मोठे मार्मिक गृहस्थ. त्यांनी कागदावर आकडेमोड केली आणि म्हणाले, "एकेचाळिसांतून बारा खरोखर सरमिसळ करून काढले, तर पहिल्या दहांतला एकही न येणे हे शंभर सोडतींत जेमतेम दोनदा घडेल." मग चष्मा पुसत त्यांनी मला धीर दिला: "खंत करू नका. तुमच्याहून मोठ्यांनी हीच चूक केली आहे."

त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. व्हिएतनामच्या युद्धात तरुणांची भरती कोणत्या क्रमाने करायची हे ठरवायला अमेरिकन सरकारने १ डिसेंबर १९६९ रोजी जाहीर सोडत काढली. वर्षाच्या ३६६ तारखा निळ्या डब्यांत बंद केल्या होत्या. ज्याच्या जन्मतारखेची डबी आधी निघेल त्याला आधी बोलावणे. या डब्या महिन्यामागून महिना अशा ओळीने पेटीत घातल्या होत्या: आधी जानेवारी, शेवटी डिसेंबर. पेटी थोडी हलवली आणि एका काचेच्या बरणीत ओतली. व्हायचे तेच झाले. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतल्या तारखा लवकर निघाल्या. बोलावणे शेवटी १९५व्या क्रमांकापर्यंत गेले आणि डिसेंबरच्या ३१ तारखांपैकी तब्बल २६ त्यात सापडल्या. कुणी लबाडी केली नव्हती. नीट ढवळण्याचा कंटाळा, एवढाच अपराध. पुढल्या वर्षी त्यांनी शहाणपण केले. दोन पिंपे ठेवली, एकातून तारीख आणि दुसऱ्यातून क्रमांक काढला. आणि डब्या आत घालण्याचा क्रमदेखील आधी यदृच्छेने ठरवून घेतला.

माझ्या डब्यातून एक जत्रा हुकली. त्या बरणीतून कुणाकुणाचे घर उजाड झाले असेल. पण चूक तीच.

घरी येऊन मी हे सगळे हिला सांगितले. मला वाटले, ती थक्क होईल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "अहो, आमच्या भिशीत कुणी असं केलं असतं तर बायांनी डबा त्याच्या डोक्यात घातला असता!" आणि मग ज्या गोष्टीला आम्ही दोघे मास्तर गणित समजत होतो, ती तिने मेथीच्या जुडीबरोबर निवडून पुढे ठेवली. भिशीची चिठ्ठी दर महिन्याला निघते. ती पैशांची बाब, म्हणून बायकांनी तिचे शास्त्र कधीच पक्के केलेले आहे.

पहिली गोष्ट, आधी रिकामा डबा सर्वांना दाखवायचा आणि चिठ्ठ्या मोजून टाकायच्या. म्हणजे "माझी होती का" असे कुणाला विचारावे लागत नाही. दुसरी, कागद एका मापाचे आणि घडी एकाच हाताची. जाड घडी बोटांना आधी लागते, सैल घडी दुसरीत अडकते. तंबोल्याच्या सोंगट्यांचेही तेच. एखादी झिजलेली किंवा टवका गेलेली असली तर ती काढणाऱ्याच्या बोटांना ओळख देते. तिसरी, भांडे मोठे हवे आणि निम्म्याहून रिकामे हवे. गच्च भरलेली पिशवी कितीही हलवा, आतले आपापल्या शेजाऱ्यांना धरून बसतात. चौथी, उभा डबा खालीवर हापसायचा नाही. आडवा करून जमिनीवर लोळवायचा किंवा एका भांड्यातून दुसऱ्यात चार वेळा ओतायचा. पाचवी, काढणाऱ्याने मान वळवायची आणि हात तळापर्यंत घालायचा. आळशी हात नेहमी वरचेच उचलतो. आणि सहावी, चिठ्ठी काढायला शक्यतो लहान मूल बसवायचे.

मला आत्याचा वर्तमानपत्रावर ओतलेला चिवडा आठवला. हे शास्त्र आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या होते. ते पुरुषांच्या कानावर पडले नव्हते, इतकेच.

त्या सुट्टीत उरलेले दोन दिवस आम्ही बापलेकींनी सोंगट्यांचे प्रयोग केले होतेच. आता नव्या नियमांनी पुन्हा केले. सोंगट्या ओळीने भरल्या, पण उशीच्या मोठ्या अभ्र्यात. आणि एका अभ्र्यातून दुसऱ्यात ओतत राहिलो. आता छोटे-मोठे आकडे कसेही निघू लागले. पण एक नवेच कोडे पुढे आले. लेक म्हणाली, "बाबा, अजून मिसळलं नाही. बघा, ४१ आणि ४२ लागोपाठचे आकडे दोन्ही आलेत. मघाशी ६ आणि ७ आले होते."

मी पुन्हा गणिताच्या गुरुजींकडे. ते हसले. म्हणाले, "नव्वदांतून पहिले दहा आकडे काढले, तर त्यांत कुठले तरी दोन शेजारचे आकडे असणे हे तीन डावांत दोनदा घडते. पहिल्या पाचांत एकाच दशकातले दोन येणे हे तर दहांत सात वेळा. खरी सरमिसळ सारवलेल्या अंगणासारखी एकसारखी नसते. ती पहिल्या पावसाच्या थेंबांसारखी असते, इथे तीन, तिथे एकही नाही." मग त्यांनी भास्कराचार्यांची लीलावती काढली. त्या ग्रंथाच्या शेवटाकडे अंकपाशाचे प्रकरण आहे. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे किती तऱ्हांनी बदलता येतील, असा त्यात प्रश्न आहे. उत्तर ३६,२८,८००. नुसत्या दहा वस्तूंचे हे! तंबोल्याच्या नव्वद सोंगट्या किती क्रमांनी निघू शकतात ती संख्या १३९ अंकी भरते. म्हणजे आपल्या अंगणात आज जो डाव पडला, तो क्रमाने जसाच्या तसा यापूर्वी कुठे पडला असेल असे समजायला जागाच नाही.

मला यातून वेगळेच काही दिसले. निघालेल्या आकड्यांकडे पाहून सोडत खरी की खोटी हे सहसा सांगता येत नाही. खऱ्या सोडतीतही कुणाचे दोन येतात, कुणाचे एकही येत नाही. हरलेल्याला ती खोटी वाटते, जिंकलेल्याला खरी वाटते, आणि दोघांच्या वाटण्याला फारसा अर्थ नसतो. सोडतीचा खरेपणा निकालात नसतो. हात पिशवीत जाण्यापूर्वी आपण किती कष्ट घेतले त्यात असतो. आणि तेवढेच आपल्या हाती असते.

हे आमच्या खेडुतांना पुस्तकावाचून ठाऊक आहे. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत असली की तहसीलीत गावोगावची माणसे जमतात. कोणत्या गावी बाई सरपंच होणार हे त्या चिठ्ठ्यांवर ठरते; २०११पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. तिथे पारदर्शक बरणी असते आणि चिठ्ठी उचलायला एखादे शाळकरी पोर पुढे करतात. पाच वर्षांचे राजकारण त्या इवल्या मुठीत! पण लोक निकाल मानतात, कारण त्यांनी बरणी पाहिलेली असते. शिक्षणहक्काच्या कायद्याने खासगी शाळांत ज्या पंचवीस टक्के जागा गरिबांच्या मुलांना ठेवल्या, त्यांची सोडत आता यंत्रावर निघते. यंत्र बहुधा माझ्यापेक्षा चांगले ढवळत असेल. तरी एखादी आई निकालाचा कागद हातात धरून तोच प्रश्न विचारीत असणार: माझ्या लेकराची चिठ्ठी होती ना आत?

वैशाखात ऊसतोडीची माणसे गावी परतली. शाळा उघडल्यावर तो मुलगा वर्गात आला. उंच झालेला, हाताला उसाच्या पात्यांचे चरे. मी त्याला कपाटातला डबा दाखवला आणि सगळे सांगितले. मास्तराने पोरापुढे चूक कबूल करणे अवघड असते, पण पहिले वाक्य तेवढे अवघड. पुढची आपोआप येतात. त्याने डब्यात डोकावून पाहिले. म्हणाला, "मंग औंदा चिठ्ठ्या मी कालवतो."

गेल्या दसऱ्याला जीप पुन्हा मिळाली. मधल्या काळात ही मला एकदा म्हणाली होती, "त्या पोराला तसंच न्या की या वेळी. बारातला एक तो, अकरांची सोडत काढा." मनात माझ्याही ते आले होते. त्याहून वाईटही आले होते: त्याची चिठ्ठी बोटांत धरून हात डब्यात घालावा, कुणाला कळणार आहे? पण मग गेल्या वर्षी तळाशी राहिलेले बाकीचे? आणि ज्याने फक्त आपण आत होतो का एवढेच विचारले होते, त्याला मी फसवून आत आणायचे?

मी डबा रिकामा करून दाखवला. एकेचाळीस चिठ्ठ्या एका मापाच्या, मुलांनी स्वतः मोजून टाकल्या. उभा डबा बाद झाला होता. त्याऐवजी घरून दोन पातेली आणली होती. त्या मुलाने बाह्या सरसावल्या आणि या पातेल्यातून त्या पातेल्यात, शेतकऱ्याने धान्य उफणावे तशा ऐटीत, सात-आठ वेळा चिठ्ठ्या ओतल्या. पहिलीतली एक मुलगी बोलावली. तिने भिंतीकडे तोंड करून बारा काढल्या.

त्याचे नाव निघाले नाही.

वर्ग क्षणभर गप्प झाला. मला पुढे काय बोलावे सुचेना. तो मात्र पातेल्याशी बसला, उरलेल्या चिठ्ठ्या उलगडू लागला आणि मधूनच एक वर धरून शेजारच्या पोराला दाखवत म्हणाला,

"पाह्यली का? मधातच व्हती. थोडक्यात हुकली गड्या!"

आणि हसला. गेल्या वर्षी दाराशी उभा असताना तो हसला नव्हता.

या दिवाळीत आमच्याकडे तंबोला आहेच. अंगणात जागा पुष्कळ आहे. पिशवी लेकीकडे, अभ्रे धुऊन ठेवले आहेत. आणि चिवडा? तो आता मी स्वतः वर्तमानपत्रावर ओततो.